डाग सूर्यावर, काचेवर की डोळ्यात

वेधशाळेत नोकरीला आहे म्हटलं की आमच्या भागात पहिला प्रश्न ठरलेला, "मग पाऊस कधी?" मुखेडच्या बाजारात, जळकोटच्या एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. मी सांगे की बाबांनो, पावसाची वेधशाळा वेगळी आणि आमची वेगळी, आम्ही फक्त सूर्याचे फोटो काढतो. समोरचा विचारी, "रोज?" रोज. "त्याच सूर्याचे?" त्याच. "आन् पगार देतात?" देतात. मग तो शेजारच्याकडे वळून पावसाचं त्यालाच विचारी.

मुखेडहून जळकोटकडे जाताना एक खडकाळ माळ लागतो. तिथे एका शिक्षणसंस्थेने घुमटाची एक खोली बांधली, दुर्बीण बसवली आणि मला तिच्या राखणीला ठेवलं. माझ्या पदाचं नाव निरीक्षक असं भारदस्त होतं, पण दुर्बीण पुसण्यापासून घुमटावरचं गांधिलमाशांचं पोळं काढण्यापर्यंत सगळं मीच करायचो. जोडीला गफूरभाई. जीप त्यांची, पहारा त्यांचा आणि चहाही त्यांचाच.

काम सकाळी लवकर. माळ एकदा तापला की हवा थरथरायला लागते आणि पेटत्या चुलीपलीकडचं माणूस दिसावं तसा सूर्याचा काठ लटपटतो. त्याच्या आत फोटो घ्यायचे. सूर्यावर काळे डाग असतात. खरं तर ते काळे नसतात. आजूबाजूपेक्षा थोडे थंड असतात, म्हणून काळे दिसतात, आणि थंड म्हणजे त्यातही लोखंडाची वाफ होईल इतके गरम. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे तेही सरकतात. एका काठावर उगवतात आणि साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्या काठाआड जातात. काही वर्षं सूर्यावर डागांची जत्रा असते, आणि काही वर्षं आठवडेच्या आठवडे एकही नसतो. अशा कोऱ्या सूर्याचाही फोटो तितक्याच मन लावून काढायचा असतो. "काई न्हाई त्याचा फोटो कामून काढता, साहेब?" असं गफूरभाईंनी मला अनेकदा विचारलं. नाही हे सुद्धा बघूनच सांगावं लागतं, असं माझं उत्तर. ते उत्तर एक दिवस माझ्याच गळ्यात येईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक तुरीचे व्यापारी डाग वाढले की भाव वाढतो का हे विचारायला यायचे, आणि मी माहीत नाही म्हटलं की मी लपवतोय असं समजून पेढे आणायचे. एक गृहस्थ उदगीरहून आले. मुलीच्या पत्रिकेत रवी बिघडलेला होता. "तुमी जवळून बगता, तर थोडं काई करता येतंय का?" म्हणाले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आता भीतीचं सांगतो, कारण लेख तिच्यासाठीच लिहितो आहे. मी मुळातला भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं माझी आई म्हणायची. माझा ब्रह्मराक्षस पाठीमागे नव्हता, रोज सकाळी समोर उगवायचा. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला सगळ्यांना आठवत असेल. दुर्बीण म्हणजे तेच भिंग, फक्त मोठं, आणि कागदाच्या जागी माणसाचा डोळा. मधे असतो एक फिल्टर, म्हणजे काळसर चकचकीत पापुद्रा. त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी घात. त्यात वाईट असं की डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. हाताला चटका बसला की माणूस हात मागे घेतो. पडदा भाजताना काहीच समजत नाही, समजतं ते नंतर, आणि तेव्हा करण्यासारखं फार नसतं. म्हणून रोज फिल्टर दिव्यासमोर धरून मी त्याचा कोपरान् कोपरा तपासायचो. गफूरभाई हसायचे. "साहेब, कालच तर बगितला." मी म्हणायचो, काल बघितला म्हणून आज बघायचा.

धंद्यातली अजून एक गोष्ट सांगायला हवी. डाग दिसला की तो कुठला आहे हे आधी ठरवायचं. तो तीन जागी असू शकतो. सूर्यावर, काचेवर किंवा बघणाऱ्याच्या डोळ्यात. डोळा लावायची काच हळूच फिरवायची. डाग तिच्याबरोबर फिरला तर ती धूळ. काच फिरूनही तो सूर्यावर जागच्या जागी राहिला तर तो सूर्याचा. आणि नजर हलवली की तोही हलला, नजर जाईल तिथे आधी जाऊन बसला, तर तो बघणाऱ्याचा. नव्या माणसाला मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो. तिसरा प्रकार मात्र एवढ्या वर्षांत मी कधी पाहिला नव्हता.

तो दिवस डागांच्या दुष्काळातला. जळकोटकडच्या एका शाळेची सहावीची पोरं सहलीला आली होती, मोजून चाळीस. बरोबर त्यांच्या विज्ञानाच्या मॅडम, नव्याच लागलेल्या, उत्साही. बसमध्ये त्यांनी पोरांकडून सौरडागांची सगळी माहिती घोकून घेतली होती. मी सुरुवातीलाच सांगितलं की आज सूर्य कोरा आहे, नुसती गोल थाळी दिसेल. ऐकतो कोण. पोरं रांगेत एकमेकांना ढकलत होती.

पहिल्या पोराने डोळा लावला. मॅडमनी विचारलं, "दिसला का रे डाग?"

"दिसला, मॅडम."

मला हसू आलं. दुसऱ्याला दिसला, तिसरीला दिसला. एकाला तर दोन दिसले. आपल्याकडे मोठ्या माणसाने "दिसलं का" विचारलं की दिसलं म्हणायचं असतं, "कळलं का" विचारलं की कळलं म्हणायचं असतं. आम्हीही असेच शिकलो. मी मॅडमना हळूच म्हटलं, "सूर्यावर काहीच नाही आज." त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "असू द्या सर, पोरं खूश हायत." मी असू दिलं. आजही ते "असू द्या" मला अधूनमधून ऐकू येतं.

रांग संपली. पोरं बाहेर सावलीत डबे उघडून बसली. थोडी गंमत करावी म्हणून मी त्यांच्यात जाऊन विचारलं, "बरं, डाग कुठं होता ते सांगा." कुणी म्हणालं वर, कुणी म्हणालं खाली, कुणी हवेत गोल काढून दाखवला. कडेला एक बारकी मुलगी बसली होती. डबा उघडा, पण जेवत नव्हती. मी तिला विचारलं, "तुला गं कुठं दिसला?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तुमच्या नाकावर हाय, सर."

पोरं खो-खो हसली. मॅडमही हसल्या. मीही हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"माझ्या पायाकडं बघ," मी म्हटलं.

"आता पायावर हाय."

"त्या झाडाकडं बघ."

"झाडावर गेला."

मी घुमटाकडे धावलो. एवढ्या वर्षांत मी त्या पायऱ्या कधी धावत चढलो नव्हतो. फिल्टर फाटला असणार, आणि त्यातून चाळीस पोरांनी पाहिलं असणार, दुसरा विचारच डोक्यात नव्हता. फिल्टर काढून दिव्यासमोर धरला. कोपरान् कोपरा पाहिला. भोक नाही, चीर नाही. मोठ्या दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचं टोपण जागेवर. सगळं जसंच्या तसं.

पण भीती एकदा अंगात शिरली की पुराव्याला विचारत नाही. बाहेर येऊन मी पोरांना विचारलं, "अजून कुणाला डाग दिसतोय? आत्ता?"

चाळीस हात वर झाले.

ते हात मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोंडचं पाणी पळालं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चाळीस आंधळी पोरं, चाळीस आया, आणि मधे मी उभा. मग गफूरभाईच पुढे झाले. ते पोरांना दटावून म्हणाले, "बोट दाखवा. कुटं हाय ते बोट दाखवा." एकोणचाळीस बोटं आभाळाकडे गेली, सूर्याकडे. फक्त त्या मुलीचं बोट कुठेच ठरत नव्हतं. ते नजरेमागे फिरत होतं.

तिचं नाव दीक्षा. मी तिला बाजूला घेतलं आणि पाणी दिलं. "दुर्बिणीतून बघताना काही झालं का बाळा? डोळ्यात चमकलं का?"

"न्हाई सर. दुर्बिणीत काईच न्हाई दिसलं मला. नुसतं गोल."

"मग?"

ती खाली बघत बोलली. "सगळ्यांना डाग दिसला. मला एकलीलाच न्हाई दिसला. मला वाटलं माझाच डोळा खराब हाय. म्हून मग घुमटाच्या मागं जाऊन बगितलं. असंच. एक डोळा झाकून, तुमी शिकिवलं तसं."

"सूर्याकडं? उघड्या डोळ्यानं?"

"हाव. लई येळ बगितला. मग दिसला."

चाळिसांपैकी खरं बघितलेली ती एकटी होती. सूर्य कोरा होता, तो तिने कोराच पाहिला. बाकीच्यांच्या "दिसला" वर तिने विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यावर ठेवला नाही.

उजेडाकडे बघितल्यावर डोळ्यापुढे राहणारी साधी चकाकी थोड्या वेळात विरते. मी देवाला हात जोडले नाहीत, कारण माझा देव म्हणजे तोच वरचा सूर्य. तिला सावलीत बसवून दर थोड्या वेळाने विचारत राहिलो, "आहे का गं?" ती प्रत्येक वेळी नीट बघून सांगे, "हाय." मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "सर, हेडसरांना काय सांगू? सहलीची परवानगी मीच मागितली." मी त्यांना बाकीची पोरं घेऊन बसने परत जायला सांगितलं, शाळेतून दीक्षाच्या आईला निरोप द्यायला सांगितलं, आणि दीक्षाला जीपमध्ये घातलं.

नांदेडपर्यंतचा तो रस्ता माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता. कंधार गेलं, लोहा गेलं. ती पुढे गफूरभाईंच्या शेजारी बसून पाट्या वाचत होती. डावा डोळा झाकून वाचायची आणि मधलं अक्षर गाळायची. "कं" म्हणायची आणि थांबायची. मग मान वाकडी करून तिरक्या नजरेने उरलेलं पकडायची. तिला तो खेळ वाटत होता. मी मागे बसून तिची गाळलेली अक्षरं मोजत होतो. गफूरभाई एकदाच बोलले. "साहेब, तुमी असे थरथर कापून राहिले तर पोरगी घाबरंल." मी हात मांडीखाली दाबून धरले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, बाहुली मोठी होईपर्यंत थांबवलं आणि खूप वेळ आत पाहिलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "पडद्याच्या बरोबर मधोमध बारीक पिवळा ठिपका आहे. भाजलंय. उजव्यातच आहे, डावा चांगला आहे."

"औषध?"

"याला खरं औषध नाही. थांबायचं. काही महिन्यांत बऱ्याच मुलांचं सुधारतं. सगळ्यांचंच पूर्ण सुधारतं असं नाही."

त्यांनी चौकटींचा एक कागद दिला, मधे ठिपका असलेला. घरी भिंतीला लावायचा, डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि कुठल्या रेघा गायब आहेत, कुठल्या वाकड्या आहेत ते बघत राहायचं. बस्स.

संध्याकाळी दीक्षाची आई एसटीने आली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी बाई, तशीच निघून आलेली, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. तिने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं, मग सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. मी काही लपवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हंजी बाकीची पोरं दिसला म्हणून खोटं बोलली, ती घरी जाऊन जेवली. आन् हिला खोटं बोलता आलं न्हाई म्हून हिचा डोळा गेला. असंच ना, सर?"

"असंच," मी म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी मी फोन करू लागलो. फोन आईचा, पण बोलायची दीक्षा. पहिल्या महिन्यात डाग होता तसाच होता. पुढे म्हणाली, बारका झालाय. आमच्या सूर्यावरचे डागही असेच जातात, आधी कडा विरतात, मग गाभा. मी मनात तिचा डाग तसाच काढत बसायचो. फोटो घेताना ध्यान लागत नव्हतं. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी तर पाणीही फुंकायला लागलो होतो. कुठलीही शाळा आली की घुमटाच्या मागे गफूरभाईंना उभं करायचो. रविवारचा फोन लावताना बोट बटणावर थांबायचं. वाढला म्हणाली तर?

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी ती म्हणाली, "गेला, सर."

"पूर्ण गेला?"

"हाव. गेला."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. फार पटकन म्हणाली होती. आधी ती कधीही पटकन बोलली नव्हती. बघून, थांबून, मग सांगायची.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेलो. पत्र्याचं घर, दारात शेळी. चौकटींचा कागद भिंतीवर तसबिरीखाली खळीने चिकटवलेला. आई रानात होती. मी दीक्षाला कागदासमोर उभं केलं, तिचा डावा डोळा माझ्या तळव्याने झाकला आणि विचारलं, "सगळ्या रेघा सरळ?"

"हाव."

"पुन्हा बघ."

ती बघत राहिली. तळव्याखाली तिची पापणी फडफडताना मला जाणवत होती. मग ओलसर लागलं.

"मधली रेघ वाकडी हाय," ती म्हणाली. "आन् ठिपक्यापाशी धुरकट हाय थोडं. कमी झालाय, खरंच कमी झालाय सर. पण गेला न्हाई. मी हाय म्हणले की आई रातच्याला रडती. म्हून गेला म्हणले."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. चाळिसांत जी एकटी खोटं बोलली नव्हती, तिला आम्ही आमच्या काळजीने खोटं बोलायला शिकवलं होतं. डोळ्याच्या भीतीपेक्षा ती भीती मोठी होती, आणि तिच्यासाठी नांदेडला कुणी डॉक्टर नव्हता. मी तिला म्हटलं, "दीक्षा, आईला काय सांगायचं ते आईचं मी बघतो. पण मला खरं सांगायचं. डाग असला तर आहे म्हणायचं. मी रडणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

आई रानातून आली तेव्हा मी तिला जे होतं ते सांगितलं. ती रडलीच. पण दीक्षाच्या देखत रडली, आणि नंतर दोघी एकमेकींना धरून बसल्या. मी माझा शब्द जळकोटच्या फाट्यापर्यंत पाळला. एसटीत बसल्यावर नाही पाळता आला.

त्या वर्षापासून आमच्या वेधशाळेत एक पद्धत पडली. डाग नसलेल्या दिवशी पोरं आली की मी मुद्दाम विचारायचो, "दिसला का डाग?" ती दिसला म्हणायची. मी पुन्हा विचारायचो, पुन्हा. कुणीतरी एक पोर घाबरत "न्हाई" म्हणेपर्यंत रांग पुढे सरकू द्यायचो नाही. ते म्हटलं की त्याच्या पाठीवर हात ठेवायचो आणि सगळ्यांना सांगायचो, ह्याने बरोबर पाहिलं. मॅडम लोकांना, सरांना हे विचित्र वाटायचं. पण पहिलं पोर "दिसला" म्हणालं की माझ्या छातीत होणारी धडधड त्यांना ऐकू येत नव्हती. ती शेवटच्या दिवसापर्यंत थांबली नाही.

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात दीक्षा आली. आता नांदेडला कॉलेजात शिकते. आईही बरोबर होती, आणली होती धपाटी आणि दही. डागांची जत्रा पुन्हा भरली होती, तरी नेमक्या त्या सकाळी सूर्य जवळजवळ रिकामाच होता. डाव्या काठाशी दोन लहान डाग, बाकी काही नाही. सकाळचा फोटो मी घेतला होता, पण तिला दाखवला नाही. फिल्टर दिव्यासमोर धरला, दोनदा तपासला. मग ती पुढे आली आणि स्वतःहून उजवा डोळा लावला. तिची आई दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

दीक्षाने डोळा लावायची काच हळूच फिरवून पाहिली. मग नजर थोडी इकडे, थोडी तिकडे केली. मला "दिसला का" विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटी तीच बोलली, दुर्बिणीवरून डोळा न काढता.

"डाव्या कडंला दोन हायत, सर. आन् एक मधी हाय. मधला धरू नका, तो माझा हाय."